दहा आकड्यांचा धडा

मी कोणालाही काहीही शिकवू शकतो! ही बढाई नाही, माझा पोटापाण्याचा धंदाच आहे. शिक्षकांनी कसं शिकवावं, हे मी शिक्षकांना शिकवतो. गेली एकोणीस वर्षं! त्यामुळे ताई जेव्हा फोनवर म्हणाली, "आईला आता एकटीला बाहेर सोडू नकोस, दाराला कुलूप लाव," तेव्हा मी चक्क हसलो.

"कुलूप कशाला? तिच्याकडून माझा फोन नंबर पाठ करून घेतो. वाट चुकली तर कोणालाही सांगेल. आठ दिवस दे मला!"

"अरे, तिला सकाळचा चहा झालेला आठवत नाही."

"ते सगळं शिकवण्याच्या पद्धतीवर असतं," मी म्हणालो. स्वयंपाकघरात बायकोने भांड्यावर झाकण जरा जोरातच ठेवलं.

आईचं विसरणं वर्षभरापूर्वी सुरू झालं. डॉक्टर म्हणाले होते, हे वाढतच जाणार. मी डॉक्टरांना मनातल्या मनात नापास करून टाकलं होतं. रोज पाचला आईचा फेरफटका असायचा. औषधाचं दुकान, पुढे शिंपी, मग कोपऱ्यावरची बँक आणि परत. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईला एवढं एकच सुख उरलं होतं. तेही काढून घेतलं तर ती खचणार, हे मला दिसत होतं.

पहिल्या दिवशी मी रंगीत कार्डं केली. दहा आकडे, तीन रंग. आईने चष्मा लावला, एकेक कार्ड उजेडात धरलं.

"हा नऊ कोणी काढलाय?"

"मी."

"याची शेपटी कुठे गेली?" असं म्हणून तिने लाल पेन मागितलं आणि माझी सगळी कार्डं तपासून दिली. दहापैकी सहा!

दुसऱ्या दिवशी तिने पाच आकडे म्हटले, त्यातले तीन बरोबर. शिकणाऱ्याला 'चूक' म्हणू नये, हा माझा लाडका नियम.

"वा! जवळपास आलीस!"

"जवळपास म्हणजे? बरोबर की चूक?"

"म्हणजे... उत्तराच्या दिशेने."

"आकड्यांना कसली आलीय दिशा? चूक असेल तर चूक म्हणावं. असं मोघम बोललास तर पोरांना कळणार कसं? नोकरी कुठे करतोस तू?"

सांगितलं.

"तिथे तपासायला कोणी येत नाही वाटतं," आई म्हणाली.

पाच दिवस झाले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग मी माझं ब्रह्मास्त्र काढलं. जे आपल्याला शिकायचंय ते दुसऱ्याला शिकवावं, म्हणजे डोक्यात पक्कं बसतं! मी कागदावर नंबर लिहून आईला दिला आणि म्हणालो, "हा कोणाला तरी शिकव."

आईची पाठ एकदम ताठ झाली. तिने चष्मा पुसला, कागद पर्समध्ये ठेवला आणि निघाली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय, याची मला त्या वेळी गंधवार्ताही नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर पन्नास शिक्षक बसले होते. विषय होता, शिकणाऱ्याचं लक्ष विचलित कसं होऊ देऊ नये. फोन वाजला.

"औषधाच्या दुकानातून बोलतोय. न बघता लावला! लागला ना?"

"लागला. काय हवंय?"

"काही नाही हो. बाईंनी गृहपाठ दिलाय."

पाच मिनिटांनी शिंपी. मग शिंप्याची बायको. मग एक घाबरलेला आवाज, "साहेब, सहावा आकडा दोन की तीन? बाई पाचला तपासणार आहेत. काल चुकलो तर मला उभं केलं!"

"कुठे उभं केलं?"

"बँकेच्या दारात. तसा मी रोज उभाच असतो, वॉचमन आहे. पण काल भिंतीकडे तोंड करून!"

पन्नास शिक्षक खो खो हसत होते. मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या मोठ्या साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

चार दिवसांत अख्ख्या रस्त्याला माझा नंबर पाठ झाला. आईने माझा एकही नियम पाळला नव्हता. ती म्हणायची, समोरच्याकडून म्हणवून घ्यायची, चुकला की चूक म्हणायची आणि येईपर्यंत सोडायची नाही. सगळे शिकले. ती मात्र दर वेळी कागदात बघूनच सांगायची.

आणि मग एके दिवशी सव्वापाचला, वर्ग लांबलेला असतानाच, औषधवाल्याचा फोन आला. मी वैतागून म्हणालो, "पाठ झालाय तुमचा, कळलं!"

"तसं नाही हो. बाई आज न थांबताच गेल्या. हातात पर्सही नव्हती."

लगेच शिंपी. "हाक मारली, पण ओळखच दिली नाही त्यांनी."

मग वॉचमन. "साहेब, मोठ्या रस्त्यावरून धरून आणलंय त्यांना. घर कुठे ते आठवत नाही म्हणतात. आमच्या पायरीवर बसवलंय. या लवकर."

पन्नास शिक्षकांना तसंच सोडून मी धावत सुटलो.

आई पायरीवर बसली होती. एका पायात चप्पल नव्हती.

"आई!"

तिने वर पाहिलं. "कोण आपण?"

"आई, मी."

"माझा मुलगा येणार आहे न्यायला. तुम्ही जा."

मी हात पुढे केला तर ती अंग चोरून मागे सरकली. माझी आई मला घाबरली! इतकं वाईट मला जन्मात वाटलं नव्हतं. एकोणीस वर्षांच्या अनुभवात याच्यावर एकही पद्धत नव्हती. वॉचमन दुसरीकडे बघत उभा राहिला.

मग माझ्या तोंडून काय निघालं, ते माझं मलाच कळलं नाही. "बाई, मला तो नंबर पाठच होत नाहीये."

आईचा चेहरा सैल झाला. "म्हण बघू."

मी म्हणायला लागलो. चौथ्या आकड्यापुढे अडलो.

"पुन्हा."

पुन्हा तेच.

"फार कच्चा आहेस. घर कुठे तुझं?"

"इथेच, जवळ."

"चल, बसून करू." तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि मला घरी आणलं.

संध्याकाळी ताईला फोन केला. "कुलूप आणलंय," एवढंच बोलता आलं.

आता रोज पाचला आमची शिकवणी असते. कधीकधी मी तिचा मुलगा असतो, मग शिकवणीला सुट्टी. बहुतेक दिवशी विद्यार्थीच असतो. सहावा आकडा मी मुद्दाम चुकवतो, कारण पाठ झाला तर शिकवणी संपेल. दिवसभर शिक्षकांना ज्ञान पाजायचं आणि संध्याकाळी स्वतःच्याच फोन नंबरात नापास व्हायचं, असा सध्या माझा दिनक्रम आहे.

काल मी ओळीने अकरा वेळा चुकलो. आईने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"मेहनत घेतोस रे, पण घरी तुझ्याकडे कोणी बघत नाही, असं दिसतंय."

मी मान खाली घातली.

"उद्या येताना आईला घेऊन ये. मला बोलायचंय तिच्याशी."

"आणतो, बाई," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!