शर्यतीच्या रस्त्यावर दोन गोणी जवळा

माझी बातमी चुकत नाही! हे फुशारकी म्हणून नव्हे, नोंद म्हणून सांगतो. पालघरचा वार्ताहर होऊन नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत माझ्या बातमीवर एकही खुलासा छापायची वेळ आली नव्हती. मोर्च्यातली माणसं, वादळात उडालेले पत्रे, सभेत फुटलेल्या खुर्च्या, सगळं मी दोनदा मोजतो.

"दुसऱ्यांचे पत्रे मोजा," बायको म्हणायची. "आपला गळतोय तो दिसत नाही."

बायकोचं नाव नलू. तिचीही एक नोंद होती. नऊ वर्षांत मी तिला एकदाही फिरायला नेलं नव्हतं. मी एडवणच्या किनाऱ्याची आठवण करून दिली.

"तिथं होडी उलटली होती," नलू म्हणाली. "तुम्ही बातमी घ्यायला पळालात. मी तुमच्या चपला राखल्या."

तेव्हा शहाऐंशीच्या जानेवारीत बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका क्लबने शर्यतीच्या गाड्यांच्या कसरती ठेवल्या, आणि मला ही संधी सोन्यासारखी वाटली. मुंबईहून तीन गाड्या येणार होत्या. बिनटपाच्या, जमिनीला पोट घासणाऱ्या, वाफेच्या इंजिनासारखा आवाज करणाऱ्या! रविवारी बारा वाजता चांगला रुंद डांबरी रस्ता बंद करून त्या गरगर फिरणार होत्या. मी ठरवलं, नलूला न्यायचं. मुरब्याहून सासूबाईंनाही बोलवायचं. आणि कुठे जायचं ते कोणालाही सांगायचं नाही!

"रविवारी दिवसभर मी तुझा," मी जाहीर केलं. "खिशात पेनसुद्धा नसेल."

"पेन दिसलं तर मी आयेकडे मुरब्याला जाईन," नलू म्हणाली. "आणि पाऊस लागेपर्यंत यायची नाही."

तिची थट्टा आणि तिचा निश्चय एकाच आवाजात निघतात. नऊ वर्षांत मला एवढं कळलं होतं की ही थट्टा नव्हती.

"पण जायचंय कुठे?"

"विचारायचं नाही. मोठा, स्वच्छ, रिकामा रस्ता आहे. झाड एक नाही, नुसतं ऊन. छत्री घे. सासूबाईंना सांग, टेम्पो पाठवतोय."

एवढंच बोललो. यात कोणाला काय चूक दिसते?

राहिली बातमी. माझा मजकूर पाकिटात घालून सकाळच्या गाडीच्या गार्डाकडे द्यावा लागे, तो दुपारी मुंबईत पोचे. रविवारी संध्याकाळी लिहायला बसलो असतो तर नलू गेलीच असती. म्हणून मी शनिवारीच लिहून टाकलं. कार्यक्रमपत्रिका हातात होती. गाड्या येणार, धावणार, लोक टाळ्या वाजवणार. यात चुकायला काय आहे? 'तीन गाड्यांनी सलग दोन तास विजेच्या वेगाने कसरती केल्या. प्रेक्षक मंत्रमुग्ध. कोठेही अनुचित प्रकार घडला नाही.' रविवारी सकाळी पाकीट गार्डाच्या हाती दिलं, पेन घरी टेबलावर ठेवलं आणि हलका हलका होऊन नलूसह बोईसरला निघालो.

सकाळ फार सुंदर होती. समुद्राकडून धुकं आलं होतं आणि कारखान्यांच्या चिमण्या त्यात तरंगत होत्या. क्लबच्या माणसांनी रस्ता पहाटे झाडून दोनदा धुतला होता. दोन्ही कडांना बांबू, दोर, चुन्याच्या रेघा. काळाभोर, चकचकीत, कुत्रंसुद्धा नसलेला रस्ता! पुढे जाऊन तो धुक्यात विरघळत होता. नलू माझा हात धरून उभी राहिली. असं तिने लग्नानंतर पहिल्यांदाच केलं.

टेम्पो आला. सासूबाई उतरल्या. गोजराबाई त्यांचं नाव. मुरब्यात त्यांच्यासमोर होड्या हाकणारे मोठमोठे तांडेल मान खाली घालून बोलतात. त्यांनी रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि एकदम डोळ्याला पदर लावला.

"जावय," त्या म्हणाल्या, "तुमी माझं मनावर घेतलंत. मला वाटलेलं, तुमी नुसतं मान हालवता."

मी नुसती मान हलवली. महिनाभर सासूबाई मला काहीतरी सांगत होत्या खरं. ते पेपरात लिहा म्हणत होत्या. मी हो हो म्हणत आलो होतो. गाड्यांची आवड त्यांनाही आहे की काय, असं वाटून मला भरून आलं!

"तुम्ही बसा इथे," मी म्हणालो, "मी चंद्रभानकडून पास घेऊन येतो."

चंद्रभान क्लबचा चिटणीस. त्याने मला पास दिले नाहीत, मंडपात बसवलं. पाहुण्यांची भाषणं चालू होती. दोन झाली, तिसऱ्याला श्रीफळ मिळालं, चौथ्याने माईक सोडलाच नाही. मी निघालो तेव्हा बाराला दहा कमी होते.

धुकं गेलं होतं, दोरापलीकडे गर्दी दाटली होती. लख्ख ऊन पडलं होतं. आणि रस्ता गुलाबी झाला होता!

मी डोळे चोळले. चाळीस पावलं लांब आणि रस्त्याइतकी रुंद अशी फिकट गुलाबी चादर डांबरावर पसरली होती. तिच्या मधोमध सासूबाई पदर खोचून, हाताने जवळा, म्हणजे ती नखाएवढी कोळंबी, सारखा करत होत्या. बाजूला दोन गोणी रिकाम्या पडल्या होत्या.

"सासूबाई! हे काय?"

"जवला," त्या म्हणाल्या. "एक ऊन कमी होतं. आजच्या उनात कडकडीत होईल. काय जागा शोधलीत, जावय! मुरब्यात आमाला सुकवायला हातभर जागा नाय. महिनाभर सांगतेय तुमाला, पेपरात लिवा. तुमी तर लिवण्याआधी रस्ताच धुऊन ठेवलात!"

नलूकडे पाहिलं. "मोठा, स्वच्छ, रिकामा रस्ता, नुसतं ऊन," ती म्हणाली. "तुमचेच शब्द. मी आयेला तसेच कळवले. मला वाटलं, खरंच तेवढ्यासाठी आणलंत. मला बरं वाटलं हो."

दोराजवळ नामदेव नावाचा स्वयंसेवक उभा होता. त्याच्या अंगावर मी धावून गेलो. "तुम्ही बघत काय राहिलात?"

"मावशी म्हणाल्या, पेपरवाल्यांनी सांगितलंय," नामदेव म्हणाला. तो घाटावरून आलेला; त्याने जन्मात जवळा पाहिलेला नव्हता. "मला वाटलं, टायरला पकड यावी म्हणून मुंबईहून माल आलाय. मी भोवती चुन्याची रेघसुद्धा मारून घेतली."

खरोखर मारली होती. अगदी सरळ!

"सासूबाई, भरा गोणी! गाड्या येतायत!"

"येऊ दे. बाजूनं जातील. आमच्याकडची एसटीपण बाजूनं जाते."

तेवढ्यात शिट्टी झाली. लांबून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज उठला. नलूने सासूबाईंना ओढून दोराबाहेर आणलं. लाल गाडी आली. चालकाला वाटलं, चुन्याने आखलेला हा गुलाबी चौक म्हणजेच कसरतीची जागा. त्याने बरोब्बर मध्ये गाडी घातली आणि जागच्या जागी गरगर फिरवली.

यानंतर जे झालं ते मी आजही कधी कधी स्वप्नात पाहतो. जवळा वर उठला. सगळाच्या सगळा. आधी गाडीभोवती गुलाबी वावटळ, मग झाडाएवढी, मग कारखान्याच्या भिंतीच्याही वर. तिथे तो क्षणभर थांबला. उन्हात एकेक जवळा काचेच्या कणासारखा चमकला. हजारो माना वर झाल्या. मग तो सावकाश, अगदी सावकाश खाली यायला लागला. छत्र्यांवर, फेट्यांवर, पाहुण्यांच्या श्रीफळांवर. नलूने तळवा पुढे केला आणि लहान मुलीसारखी हसली. मी जवळा पाहायचा सोडून तिच्याकडे पाहत राहिलो.

पुढच्या क्षणी बोईसर ते तारापूर पट्ट्यातले सगळे कावळे रस्त्यावर उतरले. त्यांच्यामागून घारी, बगळे, मांजरं! गाडीने एक ठसका दिला आणि ती बंद पडली. तिच्या तापलेल्या धुराड्यावर जवळा चरचरला आणि असा खमंग वास सुटला की माणसं गाडी विसरून डब्यांची झाकणं उघडू लागली. मागच्या दोन गाड्या जागच्या जागी उभ्या. कार्यक्रम संपला. माझ्या घड्याळाप्रमाणे चाळीस सेकंदांत.

चालक टोप काढून उतरला. केसांत जवळा.

"आंटी, ये क्या है?"

"जवला हाय, बाबा," सासूबाई म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "माझा वर्साचा जवला."

तो बिचारा ओशाळला. मग त्यानेच आधी वाकून जवळा गोळा करायला सुरुवात केली. त्याचे मिस्त्री आले, नामदेव आला, चंद्रभान शिव्या देत आला आणि बसला. मी इंजिनाच्या जाळीतून एकेक जवळा उपसत होतो. कंबर दुखायला लागली तेव्हा दोराजवळच्या एका गोणीवर टेकलो. काय मऊ बैठक होती! सासूबाईंनी भाकऱ्या काढल्या, चालकाने धुराड्यावरचा जवळा खरवडला, आणि आम्ही सगळे उन्हात जेवलो. नलूने लाल गाडीत बसून पाहिलं. तिचा पदर वाऱ्यावर उडत होता आणि गाडी जागेवर उभी होती, तरी मला वाटलं ती कुठे तरी लांब चालली आहे.

तेव्हा मला पाकीट आठवलं. 'सलग दोन तास. विजेच्या वेगाने.'

चार वाजले होते. पोस्टातून मुंबईला ट्रंककॉल लावला तर तास दीड तासात लागला असता. बातमी थांबली असती. मी उठलो.

"निघालात?" नलूने गाडीतूनच विचारलं. शांतपणे. "जा. चपला राखते मी."

मी पुन्हा गोणीवर बसलो. सूर्य खाडीकडे कलेपर्यंत बसलो.

सोमवारी बातमी छापून आली. एकही शब्द न वगळता! दुसऱ्या एका दैनिकाने पहिल्या पानावर गाडी, कावळे आणि सासूबाई यांचं छायाचित्र छापलं. बुधवारी संपादकांचं पत्र आलं. 'आपल्या वृत्तात गोजराबाई कोठेच आढळल्या नाहीत. खुलासा पाठवावा.' मी पाठवला. नऊ वर्षांतला पहिला. शेवटी एक ओळ जोडली की मुरब्यात मासळी सुकवायला जागा नाही.

नलूने तो खुलासा कापून लग्नाच्या फोटोशेजारी लावला आहे. "आमच्याबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंत," ती म्हणते.

मात्र त्या खुलाशातही चूक आहे. मी लिहिलं, जवळा दोन गोणी. सासूबाई येतील त्याला दाखवून सांगतात, तीन होत्या. दोन गाडीने उडवल्या.

तिसरीवर जावई बसले होते.