झिजलेल्या तारा

जयराजच्या बास गिटारीला सहा तारा होत्या आणि त्यांतल्या एकीचाही आवाज त्याच्या वडिलांना कधी ऐकू आला नव्हता. सयाजीरावांची सगळी नोकरी तोफखान्यात गेली होती, आणि कानांचा बराचसा भाग तिकडेच जमा झाला होता. पलूसच्या आसपास पोराच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम असला की ते पहिल्या रांगेत बसत. ताशा ऐकू येई, गाणारी बाई ऐकू येई. बासचा खर्जातला घुमारा मात्र नाही; पोरगा नुसता बोटं हलवत उभा.

"जया, ही पोरं तुला फसवत्यात," ते म्हणत. "तुझं यंत्र बंदच असतंय रं."

जयराजला हे लागायचं. बहिणीच्या, दीपमालाच्या हळदीत तरी आबांना आपला बास ऐकवायचाच, असा त्याने चंग बांधला होता. जुन्या तारांचा आवाज बसला होता, नव्या हव्या होत्या, पण मांडवाची कामं सोडून हलायला सवड नव्हती. आबा लष्करी कँटीनच्या खरेदीसाठी साताऱ्याला निघालेच होते. जयराजने सहाही जुन्या तारा काढून पिशवीत घालून दिल्या.

"आवं आबा, हा नमुना दाखवा. अशाच आणा."

एसटीत बसल्यावर सयाजीरावांनी पिशवी उघडून किटची तपासणी केली, आणि चपापले. एक तार सुतळीएवढी जाड, पुढची तिच्याहून बारीक, आणि शेवटची तर दोऱ्याएवढी! एकाच गिटारीच्या तारा, म्हणजे विकत घेताना सारख्याच असणार. ती जाड तेवढी शाबूत राहिली होती, बाकीच्या पाच वाजवून वाजवून झिजल्या होत्या. पोरगं एवढं राबतंय आणि आपण त्याला काय काय बोललो, या विचाराने त्यांना भरून आलं.

साताऱ्याच्या दुकानात त्यांनी जाड तार काउंटरवर ठेवली. "असल्या सहा द्या."

"काका, सहाही जाड? ह्या मुळातच कमी-जास्त असतात."

"मला शिकवू नगा. तोफेची नळीसुदिक झिजतीया, ही तर तार हाय."

दुकानदाराने वाद घातला नाही. त्या जाड तारांना वर्षभर कुणी विचारलं नव्हतं. त्याने एवढंच विचारलं, "गुळगुळीत देऊ का खरबरीत?"

"खरबरीत. गुळगुळीतवरनं पोराचं बोट घसरंल."

हळदीच्या दिवशी दुपारी ते पुडकं जयराजच्या हातात पडलं. त्याने एक तार काढली, दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या सारख्याच जाड. जाड तार बसायची खाच एकच. उरलेल्या पाच खाचांत ती शिरणं शक्य नव्हतं.

"आबा, जुन्या तारा कुठं हायत्या?"

"आता त्या कशाला? येताना मळ्यात गेलो. द्राक्षाचा मांडव सैल झाला हुता. पक्कडीनं तुकडं केलं आन् टाकलं बांधून. लय झ्याक बसल्यात."

जयराजने आईकडे पाहिलं. मनुबाई हळद कालवत म्हणाल्या, "माझ्याकडं बघू नगंस. माझी स्वेटरची सुई बी तितंच गेलीया."

कीबोर्डवाला शिवतेज डोक्याला हात लावून म्हणाला, "आता रं?"

"आता काय? एका तारेवर जेवढं हुतंय तेवढं. तू माझा आवाज वाढीव."

संध्याकाळी हळद सुरू झाली. जे सूर सहा तारांवर जागच्या जागी मिळायचे, ते एकीवर गाठायला जयराजचा हात गिटारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता. घामाने सदरा भिजला. त्यात शिवतेजने आवाज असा काही वाढवला की पाटावरची हळदीची वाटी आपोआप पुढे सरकू लागली.

पहिल्या रांगेत सयाजीरावांची खुर्ची हलली. त्यांनी छातीवर हात ठेवला, मग खुर्चीवर, मग मनुबाईंकडे वळून ते ओरडले, "आगं, वाजतंय! जयाचं वाजतंय!"

मग ते मांडवाच्या मधोमध नाचले. गुडघे दुखत असताना नाचले, व्याह्यांना ओढून नाचले. जयराज वाजवता वाजवता हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता. किती वर्षांनी त्याला हवं ते मिळालं होतं.

कार्यक्रम संपल्यावर सयाजीराव स्टेजवर चढले आणि त्यांनी पोराला मिठी मारली. गिटार हातात घेऊन त्यांनी ती एकुलती एक तार मायेने चाचपली.

"एकच लावलीस ते लय बेस केलंस," ते म्हणाले. "त्या पाचांनी आजवर हिचा आवाज दाबून ठेवला हुता."

जयराज खरं काय ते सांगणार होता. पण त्याने आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"व्हय आबा."

"आन् बाकीच्या जपून ठेव. ही झिजली की दुसरी काढायची."