लाल गोळीचा ढेकर

"शी शी शी! आज परत!" महानंदाकाकूंनी पदर नाकाला लावला. "अवो, वर मासं शिजलंय बगा! त्या दीक्षाला खोली देताना साफ सांगितलं होतं मी, अंडं बी चालायचं न्हाई म्हणून."

राजशेखरअण्णा पेपरात डोकं खुपसून बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली, तोंड काही उघडलं नाही. त्यांना एक शंका छळत होती. काकूंना वास आला तो अण्णांना ढेकर आल्यावर लगेच. काल तसंच झालं होतं आणि परवाही.

आता अण्णा म्हणजे कसा माणूस, तर वाढदिवसाच्या केकमध्ये अंड्याचा संशय आला की "शुगर हाय" म्हणून बशी परत करणारा. त्यांच्या घराण्यात कुणी माशाकडे वळून पाहिलं नव्हतं. मग पोटात मासा आला कुठून? जिवाला चैन पडेना. ओसरीवरून मोरीत, मोरीतून ओसरीवर अशा फेऱ्या घालता घालता त्यांना आठवलं, की घरात नवीन गोष्ट आली होती ती एकच. बेंगळुरूच्या नंदीशने, म्हणजे त्यांच्या लेकाने, गुडघ्यांसाठी पाठवलेली लाल गोळ्यांची बाटली.

काकू भाजीला गेल्या तशी अण्णांनी बाटली लुंगीत खोचली आणि माडी गाठली. दीक्षा दवाखान्यात नर्स होती, नवरा प्रदीप बँकेत. तिने बाटलीवरचं वाचलं आणि ओठ दाबून हसू आवरलं.

"काका, हे क्रिलचं तेल हाय. क्रिल म्हणजे समुद्रातला बारका जीव. कोळंबीची धाकटी चुलत बहीण समजा की."

अण्णा पायरीवर मटकन बसले.

"तरीच गं! लई दर्यात गेल्यासारखं वाटत होतं मला!"

"गुडघ्याला कुणाला बरं वाटतं ह्यानं, कुणाला काहीच फरक पडत नाही. ते राहू द्या. तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू हाय ना? मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घ्यायचंच नाही. आणि माशाचे ढेकर येतातच ह्याच्यानं."

"पोरी, तुझ्या काकूला कळलं तर माझं ताट अंगणात मांडंल ती. कुनाला बोलायचं न्हाई. शब्द दे मला!"

दीक्षाने शब्द दिला. अण्णांनी गोळ्या बंद केल्या. महागाची बाटली फेकवेना म्हणून कपाटात चादरींच्या चळतीखाली दडवली. दोन-चार दिवसांत ढेकर थांबले आणि अण्णांचा जीव भांड्यात पडला.

पण वास काही थांबला नाही. उलट जोर धरला! आता तर तो स्वयंपाकघरात यायचा, देवासमोर यायचा. अण्णा सकाळ-संध्याकाळ तोंडासमोर तळहात धरून स्वतःचा श्वास हुंगू लागले. तिथे काही नाही. मग खरंच वर मासे शिजतात की काय? नाहक जिवाला घोर लावून घेतला, असं म्हणून अण्णा जरा खूशही झाले. काकूंनी मात्र तोवर सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं.

पाणी आलं त्या दिवशी दीक्षा घागर घेऊन खाली नळावर आली आणि काकूंनी तिला गाठलंच.

"पैल्या तारकेला खोली खाली करायची. दुसरी बात न्हाई!"

"काकू, आमी काय केलं?"

"मलाच इचारती? नाक हाय मला!"

दीक्षाने ओसरीवर बसलेल्या अण्णांकडे पाहिलं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती, पण पोरगी दिलेल्या शब्दाला जागली. तिचे डोळे भरून आले. अण्णांनी पेपर खाली ठेवला. आताचं कुणाचं का असेना, पहिला वास तर आपलाच होता की! चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोराने ओसरीवर बसून पेपर वाचायचा?

"थांब," अण्णा उठले. "महानंदा, तो वास माझा होता. नंदीशच्या गोळ्या माशाच्या... म्हंजे कोळंबीच्या बहिणीच्या निघाल्या. मी खाल्ल्या. आता सोडल्यात. पोरीला बोलू नको."

काकूंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. त्या नळाच्या कट्ट्यावर बसल्या.

"सोडल्यात व्हय तुमी?"

"कवाच."

"अरं सिद्धरामा!" काकूंनी कपाळाला हात लावला. "अवो, तुमी बाटली चादरीखाली दडवलीत, तवाच मी म्हटलं, गुण येनारी चीज दिसतीय. एकट्यानं बरं व्हायचं आन् बायकोनं गुडघं धरून जिना चढायचा! मग मी बी सुरू केली. सकाळी एक, रातच्याला एक."

आणि नेमका तेव्हाच काकूंना ढेकर आला. वास सगळ्यांना आला.

घागर भरून वाहू लागली. दीक्षाने नळ बंद केला. काकूंनी स्वतःला सावरलं. गल्लीत तोंड दाखवायचं होतं ना!

"औषध हाय ते. औषधाला कसलं सोवळं?" त्या पुटपुटल्या. मग दीक्षाचा हात धरून, आवाज एकदम मऊ करून म्हणाल्या, "तू कुटं बी जायचं न्हाई गं बाई. उलट असं कर की, आइतवारी मासं करत जा वर. खिडक्या उघड्या ठेवून कर. गल्लीला मी वरचा वास म्हणून सांगून बसलेय, माझ्या तोंडावर तेवढंच पांघरूण."

दीक्षाने डोळे पुसले. मग तिला हसू फुटलं.

"काकू, आमच्यात मासे कुणीच खात नाही. प्रदीपला तर वासानंच मळमळतंय. तुमच्या घरातला वास सोसंना म्हणून आमीच दुसरी खोली बघून ठेवली होती."

काकू काहीतरी बोलायला गेल्या, आणि घाईघाईने त्यांनी पदर तोंडाला लावला.