सासऱ्यांची किटली

सासरे फिरायला बाहेर पडले आणि जावयाने त्यांची चहाची किटली साफ करायला घेतली. ॲल्युमिनियमची ती किटली आतून काळीकुट्ट झाली होती. "चव त्या थरात आहे," असं सासरे सगळ्यांना बजावत. जावई पडला आरोग्य निरीक्षक. त्याच्या मते तो शुद्ध मळ होता. लग्नाला वर्ष होत आलं तरी सासरे त्याच्याशी "बरं आहे ना?" यापलीकडे बोलले नव्हते. आज किटली लख्ख करून त्यांना जिंकायचंच, असा त्याचा बेत होता.

घासणीने काही होईना, तेव्हा त्याने तुंबलेल्या मोरीत टाकायची पावडर पाण्यात कालवून आत ओतली. किटली फसफसू लागली.

"अहो, गॅस बंद आहे, मग हे उकळतंय कसं?" बायकोने विचारलं.

"मळ सुटतोय!"

"किटली तापलीय की!"

"म्हणजे गुण येतोय," असं म्हणत त्याने आणखी दोन चमचे टाकले.

मग फेस ओट्यावर आला, उग्र वाफेने दोघांना ठसका लागला आणि बायको खिडक्या उघडायला धावली. तेवढ्यात किटलीची तोटी टपकन गळून पडली. आता जावयाने डब्यावरची बारीक अक्षरं वाचली : 'ॲल्युमिनियमवर वापरू नये. धातू विरघळतो.'

सासूबाई आत आल्या. हातमोजे चढवून त्यांनी किटली नळाखाली खळखळून धुतली आणि उजेडाकडे धरली. तळातून समोरची गच्ची दिसली.

"आई, बाबा मला घरात घेणार नाहीत," जावई रडवेला झाला.

"गप्प बसा, जावईबापू. कपाटातला वरचा खोका काढा."

खोक्यात तशीच कोरी किटली होती. सासूबाईंनी तिच्यात गरम पाणी आणि चमचाभर धुण्याचा सोडा घातला. हळूहळू बुडबुडे आले, आतली चकाकी गेली आणि काळपट छटा चढली.

"एवढ्यावर थांबायचं. जास्त ठेवली तर तुमच्यासारखं होतं," त्या किटली विसळत म्हणाल्या.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"ही तिसरी आहे. पहिली मीच घालवली."

सासरे परतले. चहा झाला. एक घोट, दुसरा घोट.

"हं! याला म्हणतात जुन्या किटलीचा चहा," सासरे म्हणाले. सासूबाई हसू दाबत आत गेल्या.

सासऱ्यांनी खुर्ची जावयाजवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"नवीन किटलीचा चहा आठवडाभर बेचव लागतो. गुमान प्यायचा. मला कळत नाही असं वाटतं तिला. एवढी खटपट करते बिचारी, कशाला हिरमोड करायचा?"

मग त्यांनी जावयाचा कप भरला आणि पहिल्यांदाच विचारलं, "आणि काय रे, घरभर वास सुटलाय, तू नक्की टाकलंस तरी काय जुन्या किटलीत?"