अक्षरांतली जन्मतारीख

कमलताई रेठरेकर यांची जन्मतारीख नगरपालिकेच्या संगणकात अक्षरांत नोंदली गेली होती, त्यामुळे त्यांचं वय वाढत नव्हतं. संगणक आला तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या आणि अजूनही चाळिशीच्याच होत्या.

चूक तशी घरचीच. नोंदणीच्या वेळी यजमान दत्तोबांनी, कमलताईंची आई सांगायची तसं, 'नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, मोठा पूर आला त्या साली' असं सांगितलं. कारकुनाने ते जसंच्या तसं टाइप केलं.

सुरुवातीला ताईंनी मजा केली. केस काळे, गुडघे शाबूत, शेजारणी जळून खाक. पण परवा भाचीच्या लग्नात कोणीतरी दत्तोबांकडे बघून म्हणालं, "ताई, वडिलांना पंख्याखाली बसवा," आणि ताईंना पुढे घास गिळवेना. दुसऱ्याच दिवशी दत्तोबांना घेऊन त्यांनी नगरपालिकेचा दुसरा मजला गाठला.

संगणक विभागाच्या तांबोळी मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. "आजच्या तारखेतून जन्मतारीख वजा केली की वय निघतं. हा नुसता मजकूर आहे, ताई. तारखेतून पूर कसा वजा करणार?"

"मग तारीख करा त्याची."

"खाडाखोड चालत नाही. रूपांतर करता येतं. आधी सण वाच, मग पूर, असं मी संगणकाला सांगते. त्याला कळलं तर तारीख होईल. नाही कळलं तर रकाना रिकामा."

"रिकामा म्हणजे?"

"म्हणजे जन्म झालेला नाही, असं धरतात."

"राहू दे, कमल," दत्तोबा म्हणाले. "आहे ते काय वाईट आहे? मला हाताला धरून आणायला कोणी हवं ना?"

"आणि तुम्ही गेल्यावर? मी चाळिशीतच बसू का, कायमची?" ताईंचे डोळे भरून आले. "मॅडम, करा."

मॅडमनी कळ दाबली. संगणक विचारात पडला. दत्तोबांनी ताईंचा हात घट्ट धरला होता. रकाना रिकामा राहिलाच तर निदान हात तरी वाचेल, असा त्यांचा हिशेब असावा.

"झाली. सहा ऑगस्ट," मॅडम म्हणाल्या.

तुंबलेली सगळी वर्षं एकदम आली. केस पांढरे झाले, बांगड्या सैल झाल्या. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

जिना उतरताना ताई अर्ध्यावरच मटकन खाली बसल्या.

"दमलीस?" दत्तोबांनी घाबरून विचारलं.

"दमले की हो!" ताई इतक्या आनंदाने ओरडल्या की खालच्या रांगेतली माणसं वर बघायला लागली. दत्तोबा कठडा धरून हळूच त्यांच्या शेजारी टेकले.