दिवाणची बदली

शेवाळे अण्णांची आणि माझी पहिली भेट आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये झाली. मी आत शिरून दाराकडे तोंड करून उभा राहिलो, तोच पाठीमागून आवाज आला, "अठ्ठ्याहत्तर किलो." वळून पाहिलं तर पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि गमबूट घातलेले एक गृहस्थ माझ्या बरगड्या न्याहाळत होते. घरी जाऊन काट्यावर उभा राहिलो, तर साडेअठ्ठ्याहत्तर भरलो. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत त्यांना अर्ध्या किलोची चूक दाखवली.

"पाणी पिऊन उभे राह्यला असाल," अण्णा म्हणाले. "वजन उपाशीपोटी करावं. नियम हाय."

अण्णा पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरपट्ट्यात तीस वर्षं त्यांनी गुरांना लशी टोचल्या, गाई भरवून गाभण केल्या, अडलेली वासरं ओढून काढली. या धबडग्यात माणसंही मधे मधे येत, पण त्यांच्याकडे बघायला सवड मिळाली नाही. त्यामुळे इंदिरानगरात आमच्या शेजारी मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा त्यांना तपासणीची एकच पद्धत ठाऊक होती. सोसायटीच्या गणपतीत पंगत बसली की अण्णा मागून फिरत आणि कोण घास किती वेळा चावतो ते मोजत. "वहिनी, साहेबांचं रवंथ कमी पडतंय, लक्ष ठेवा," असं एका बँक मॅनेजरच्या बायकोला त्यांनी वरणभात चालू असताना सांगितलं. द्वारकेच्या चौकात आम्ही एकदा गाड्यांच्या गर्दीत अर्धा तास अडकलो, तर म्हणाले, "गव्हाण अरुंद ठेवल्यावर शिंगं मारणारच की. त्यात त्यांचा काय दोष?"

माझ्या पुतणीला बघायला मुलाकडची मंडळी आली, त्या दिवशी मी मुद्दाम दार लावून घेतलं होतं. अण्णा तरीही आले. मुलाला एकदा समोरून, एकदा बाजूने पाहून घेतलं आणि मला म्हणाले, "सांगाडा चांगला हाय. चालवून बघितला का?" मी खोकलो. अण्णांना वाटलं, मला नीट ऐकू गेलं नाही. मग सगळ्या दिवाणखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "वळूची पारख नुसतं वळू बघून होत नाय. त्याची आई बघावी." आई समोरच पोहे खात होती. लग्न जमलं, पण त्या विहीणबाई अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.

अण्णांच्या मोबाइलवर दिवसभर परदेशातल्या गुरांचे व्हिडिओ चालत. तिकडे मांसासाठी हजारांनी जनावरं पाळतात, घोड्यावर बसून हाकतात, तसले. अण्णा स्वतः अंडंसुद्धा खात नाहीत आणि त्या गोऱ्या लोकांचं इंग्रजी त्यांना ओ की ठो कळत नाही. पण आवाज एवढा मोठा की आमच्या देवघरात ऐकू यावा. "ते खायला पाळतात, आपण कामाला," ते मला समजावून सांगत. "पण सकाळी माज दिसला तर संध्याकाळी गाय भरवावी, वासरू झाल्यावर तासाभरात चीक पाजावा, अन् तीन वर्षं झाली की वळू बदलावा, हे तिकडंबी तेच अन् हितंबी तेच." यातला शेवटचा नियम त्यांना जीव की प्राण. वळू चौथ्या वर्षी तिथंच राहिला तर त्याच्याच लेकी माजावर येतात, आणि मग वासरं निपजतात ती किडकिडीत. म्हणून एका गावाने आपला वळू दुसऱ्याला द्यायचा आणि त्यांचा आपण घ्यायचा. सरकारी नोकराची होते तशी बदली. "तिथं माया करायची नाय. मायेनं वाण बिघडतं," असं अण्णा लिफ्टमध्ये, गेटवर, पाण्याच्या टाकीपाशी सांगत. गमबुटांचा आवाज आला की आम्ही सगळे लिफ्ट सोडून जिना गाठू लागलो. मीसुद्धा.

त्यांचा मुलगा आणि सून दोघंही भली माणसं. सकाळी आठला नोकरीवर जात, अंधार पडल्यावर येत आणि आल्यावर पुन्हा लॅपटॉप उघडून बसत. अण्णा दुपारी चारला स्कूटर काढून पाथर्डी फाट्यापलीकडे पुतण्याच्या मळ्यात जात. तिथे त्यांचा डांगी जातीचा वळू होता, दिवाण. काळ्यावर पांढरे ठिपके, तेल लावल्यासारखी चकचकीत कातडी. आसपासच्या सगळ्या वाड्यांवरच्या गाई दिवाणकडेच येत.

हिशेबाने दिवाणची बदली मागच्या दिवाळीलाच व्हायला हवी होती. घोटीपलीकडच्या एका गावाशी अदलाबदल ठरलीही होती. पण दिवाळीला दिवाणचा खूर दुखावला. माघात लाळ्या-खुरकुताची लस द्यायची राहिली. चैत्रात ऊन फार. लस दिली, तर अण्णांना त्या गावाचा गोठा बघून यायचं होतं. बघून आले, तर गोठ्यात वारा येत नव्हता. चार वर्षं ज्यांनी आम्हाला नियम शिकवले, ते स्वतःच रजेचे अर्ज लिहिताहेत हे बघून मला मनातून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोला?

मग एका सकाळी पुतण्याचा फोन आला. मी अण्णांकडे पेपर परत द्यायला गेलो होतो, म्हणून ऐकलं. "अण्णा, चंद्री माजावर आलीये. दिवाण दारातच हाये. सोडू का संध्याकाळी?"

चंद्री ही दिवाणचीच कालवड. अण्णा खुर्चीतून उठलेच. "सोडशील तर खबरदार! बाप हाय तो तिचा! डॉक्टरला बोलव, बाहेरच्या वळूचं रेतन करून घे." फोन ठेवला. कपाळावरचा घाम पुसला. मला म्हणाले, "चूक माझीच हाय. आज वाचली. उद्या दुसरी माजावर येईल, अन् मी हजर नसंन." मग, "शनिवारी तुमची गाडी मोकळी हाय का?"

शनिवारी पुढे पिकअपमध्ये दिवाण, मागे माझ्या गाडीत आम्ही दोघं. अण्णा सगळ्या वाटेत पिकअपवाल्याला फोन करून खड्डे सांगत होते. गावात पोचलो. दिवाण उतरला, त्यांचा जवान वळू पिकअपमध्ये चढला. लहानू नावाच्या शेतकऱ्याच्या हाती दिवाणची दोरी देताना अण्णा अगदी पूर्वीचे साहेब झाले. "एका दिवसात एकच गाय. पोट वाढू देऊ नको. जंताचं औषध चुकवू नको. वेसण ओढायची नाय, नुसती धरायची."

"व्हय, अण्णा."

"अन् पाचला त्याच्याशी बोलावं लागतं."

लहानू हसला. "काय बोलू?"

"काही पन. घरचंच. आज भाजी काय व्हती, पोरगा कितीला आला, गुडघा दुखला का. नाय बोललं तर तो वैरणीला तोंड लावत नाय."

लहानूने मान डोलावली. त्याने ते खरं धरलं होतं. मी दिवाणकडे पाहिलं. तो केव्हाच लहानूच्या वैरणीवर तुटून पडला होता. अण्णांनीही ते पाहिलं आणि गमबूट वाजवत गाडीत जाऊन बसले.

परतताना त्यांनी एकही नियम सांगितला नाही. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी गाड्या तुंबल्या होत्या. घड्याळात पाच वाजून गेले होते. अण्णा समोर काचेकडे बघत हळूच बोलायला लागले. आज सकाळी भाजी गिलक्याची होती. सूनबाई चांगली करते, पण तिला जेवायला बसायलाच होत नाही. डावा गुडघा जिन्यावर दगा देतो, पोराला सांगितलं तर तो लगेच ऑपरेशनचं काढेल. पोरगा बंगलोरला बदली मागतोय असं त्याच्या फोनवरच्या बोलण्यावरून कळलं, आपल्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मला माझीच लाज वाटली. चार वर्षं हा माणूस भिंतीपलीकडे होता आणि मी त्याला टाळून जिना उतरत होतो.

"मग?" मी विचारलं.

अण्णा दचकून माझ्याकडे वळले. पाच वाजताच्या त्या बोलण्यात आजवर त्यांना कोणी 'मग?' असं विचारलंच नव्हतं.