तिसऱ्या खड्ड्यातली म्हातारी

केनियाच्या उत्तरेला, तुर्काना सरोवराच्या काठापासून आत कोरड्या माळावर, तिसऱ्या खड्ड्यात सापडलेली दोन लाख वर्षांपूर्वीची म्हातारी जिवंत निघाली आणि ती मराठी बोलत होती.

हेमांगी सरनोबत तेव्हा तिच्या बरगड्यांवरची माती ब्रशने झाडत होती. म्हातारीने डोळे उघडले, एकदा ब्रशकडे आणि एकदा हेमांगीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हळू की गं. भांडं घासायलीस व्हय?"

हेमांगीने हात हलका केला. पथकाचे प्रमुख डॉ. प्रभंजन खेडकर जेवून तंबूबाहेर येईपर्यंत म्हातारी पायांपर्यंत मोकळी झाली होती आणि खड्ड्याच्या भिंतीला टेकून बसली होती. तिचा डावा पाय घोट्यापाशी सुजलेला होता.

"कुठल्या थरात होती?" खेडकरांनी वरूनच विचारलं.

"ज्वालामुखीच्या राखेच्या थराखाली, सर."

"म्हणजे वय पक्कं," खेडकर म्हणाले. "जिवंत असल्याने वयात फरक पडत नाही."

फरक पडला तो परवानगीत. केनियाच्या बाजूने पथकात असलेले डॉ. जोसेफ इवोई त्याच भागातले, शांत स्वभावाचे गृहस्थ. त्यांचं म्हणणं असं की सरकारने परवानगी दिली ती बेवारस हाडांना हात लावायची, आणि या हाडांना आता मालक निघाला आहे. तेव्हा मालकिणीला विचारल्याशिवाय काम पुढे नेता येणार नाही. हेमांगीने म्हातारीला तसं विचारलं.

"बघा की," म्हातारी म्हणाली. "बघून झालं की जिथल्या तिथं ठेवा म्हणजे झालं."

मराठीचं कोडं खेडकरांना पडलं होतं, हेमांगीला नाही. तीन हंगाम ती या खड्ड्यात एकटीच बसत होती आणि हात चालू असताना तोंडही चालू ठेवायची तिची सवय होती. तेही घरच्या भाषेत. पुण्याच्या संस्थेत रुजू झाली त्या पहिल्याच आठवड्यात ती सगळ्यांसमोर "सर, मी आलो" असं बोलून गेली होती आणि चहाच्या टेबलावर ते वाक्य कितीतरी दिवस फिरत राहिलं होतं. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, हे तिने तेव्हा कुणाला सांगितलं नाही. तिने नुसती भाषा बदलली. खड्ड्यात मात्र कोण ऐकतंय, म्हणून ती मोकळी बोलायची. स्वयंपाक्याबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल, खेडकरांबद्दल. म्हातारीला दुसरं काही ऐकायला नव्हतं. ती शिकली.

"ह्योच व्हय?" खेडकर खड्ड्यात उतरताच म्हातारीने हेमांगीला विचारलं. "सोता खणत न्हाई, फोटोला तेवढा पुढं?"

खेडकरांनी घसा साफ केला. आद्यमानवाला विनोदबुद्धी होती, हा एक स्वतंत्र निष्कर्ष होऊ शकतो, असं ते म्हणाले आणि पुण्याला फोन लावायला टेकडीवर चढले.

पुण्यात आद्य मराठी मानव समिती बरीच वर्षं काम करत होती. अध्यक्ष, उपाध्यक्ष, अधिवेशनं, सगळं होतं. फक्त माणूस सापडायचा राहिला होता. तो सापडल्याचं कळताच अध्यक्ष श्री. त्र्यंबकराव गद्रे आणि व्याकरणतज्ज्ञ प्रा. कुमुदिनी आठल्ये ताबडतोब निघाले. गद्रेंनी येताना शाल, श्रीफळ आणि घडीची खुर्ची आणली होती.

म्हातारीला चौघांनी उचलून तंबूत आणून खुर्चीवर बसवलं. तिला खुर्ची आवडली नाही, पण ती बसली.

"आजी," गद्रेंनी वाकून विचारलं, "आपण मूळच्या कुठल्या?"

"हितलीच की."

"हे वगळा," गद्रे टिपणं घेणाऱ्या आठल्येबाईंना म्हणाले. मग पुन्हा म्हातारीकडे वळले. "म्हणजे, त्याच्या आधी? आपण सह्याद्रीकडून इकडे आलात, असं काही आठवतं का?"

"मी कुठनं येतोय? मी हितंच बसलो हुतो."

प्रा. आठल्येंनी हात वर केला. "अध्यक्षमहाराज, 'बसलो' म्हणाल्या."

"मग?"

"क्रियापद पुल्लिंगी आहे. मघाशीही 'येतोय' म्हणाल्या. दोनदा चूक होत नाही. व्याकरणानुसार हे गृहस्थ आहेत."

गद्रेंनी म्हातारीकडे निरखून पाहिलं. म्हातारीनेही त्यांच्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे बायका असंच बोलतात," हेमांगी म्हणाली.

"आमच्याकडे म्हणजे?"

"कोल्हापूरला."

"बोलीचा प्रश्न वेगळा," आठल्येबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "इथे मूळ पुरुषाचा प्रश्न आहे."

"पाहा," गद्रेंचा चेहरा उजळला, "शब्दसुद्धा आपल्याकडे तयार आहे. मूळ पुरुष. 'मूळ बाई' असा शब्द मराठीत कधी ऐकलाय कुणी?"

कुणी ऐकला नव्हता. हेमांगीने खेडकरांकडे पाहिलं. म्हातारीच्या कमरेची हाडं त्यांनी स्वतः मोजली होती आणि तिने मुलं जन्माला घातली आहेत, हे त्यांनीच हेमांगीला जेवताना सांगितलं होतं.

"त्या मोजमापाला अजून अंतिम स्वरूप आलेलं नाही," खेडकर म्हणाले आणि तंबूची दोरी घट्ट करायला लागले.

हेमांगीला पहिल्या आठवड्यातलं ते चहाचं टेबल आठवलं. ती उभी राहिली. "साहेब, ही मराठी तिची नाही. माझी आहे. मी तीन वर्षं खड्ड्यात बडबडत होतो, ते ऐकून ती शिकली."

"होतो," प्रा. आठल्ये हळूच म्हणाल्या.

"होतो," हेमांगी म्हणाली. "होतोच म्हणाले मी. म्हणालो."

गद्रे रागावले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, ही व्यक्ती तुझ्या दोन लाख वर्षं आधीची. मग कोण कुणाकडून शिकलं असेल? तूच सांग."

समितीने एकमताने असं ठरवलं की हेमांगीची भाषा ही मूळ पुरुषाच्या भाषेचं आजवर टिकलेलं, पण बरंच बिघडलेलं रूप आहे. मूळ पुरुषाच्या तोंडी पुण्यात भरणाऱ्या गौरव समारंभात शुद्ध वाक्यं घालण्याची जबाबदारी प्रा. आठल्येंकडे देण्यात आली.

एवढा वेळ म्हातारी पाय धरून बसली होती. आता तिने हेमांगीला खूण करून जवळ बोलावलं.

"ही कोण माणसं?"

"तुझीच," हेमांगी म्हणाली. "पुढे गेलेल्यांची."

म्हातारी ताठ बसली. तिने गद्रेंना डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं. मग आठल्येबाईंना, खेडकरांना. तिचा श्वास जोरात चालला होता.

"मग पाणी घावलं काय?" तिने विचारलं.

कुणाला काही कळलं नाही. हेमांगीने हळूहळू विचारून काढून घेतलं. त्या वेळी म्हातारीचा पाय मुरगळला होता. टोळीला थांबता येत नव्हतं, कारण पोरं तहानेली होती. ते म्हणाले, तू बस, आम्ही पाणी बघून येतो, आलो की तुला उचलून नेतो. तिचा थोरला पोरगाही त्यांच्यात होता. ती बसली.

गद्रेंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि दोन्ही हातांनी पुढे केली. म्हातारी प्यायली. थांबून पुन्हा प्यायली. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तिने तळहाताने वर घेऊन चाटलं.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "मग परत का न्हाई आलासा?"

गद्रे अध्यक्ष म्हणून अनेक प्रसंगांतून गेले होते. ते उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, "झालेल्या विलंबाबद्दल समिती खेद व्यक्त करते."

प्रा. आठल्येंनी मान डोलावून अनुमोदन दिलं.

"बरं," म्हातारी म्हणाली. "आता उचला."

इथे अडचण आली. दुपारी खेडकरांनी म्हातारीच्या डोक्याचा प्लास्टरचा साचा घेतला होता आणि तो समारंभाला नेणं आवश्यक होतं. साचा अजून ओला होता, त्यामुळे मांडीवर घेता येत नव्हता. त्याला जीपमध्ये स्वतंत्र जागा लागणार होती. गद्रे, आठल्ये, खेडकर, साचा आणि ड्रायव्हरशेजारी हेमांगी, असा हिशेब बसत होता. साच्याला पट्टा लावून झाला. गद्रेंनी म्हातारीच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि फोटो काढून घेतला.

"आम्ही पुढे होतो," ते तिला म्हणाले. "तुमची सोय झाली की न्यायला येतो."

म्हातारीने नारळ कानाशी धरून हलवून पाहिला.

"हेमांगी, चला," खेडकर जीपमधून म्हणाले. "व्यासपीठावर तुमचंही नाव आहे. भाषेचा नमुना म्हणून."

हेमांगीने जीपकडे पाहिलं. मागच्या सीटवर म्हातारीचा पांढरा चेहरा डोळे मिटून बसला होता. त्याच्या शेजारी गद्रे, त्याला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बसलेले.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मी न्हाई येत."

खेडकरांनी दोनदा हॉर्न वाजवायला लावला. मग जीप निघाली. मागच्या काचेतून प्रा. आठल्ये हात हलवत होत्या.

धूळ खाली बसल्यावर इवोईंनी विचारलं, काय ठरलं? हेमांगीने त्यांना सगळं सांगितलं. इथली कोणतीही वस्तू इथून हलवायला मनाई आहे, ते म्हणाले, पण बाई आपण होऊन कुणाच्या पाठीवर बसली तर तिला अडवायचा नियम त्यांच्या माहितीत नाही. त्यांच्या मावशीची वस्ती सरोवराच्या काठाला होती. तिथे पाणी होतं, आणि मावशी पाहुण्यांना कुठून आलात असं विचारत नसे.

हेमांगी खाली बसली. म्हातारीने तिच्या गळ्याभोवती हात टाकले. हेमांगी उठली तेव्हा गुडघे कडकडले. म्हातारी अंगापिंडाने दिसत होती त्याच्या दुप्पट जड होती. इवोईंनी नारळ आणि पाण्याचा डबा घेतला आणि ते पुढे चालू लागले.

थोडं अंतर गेल्यावर म्हातारीने हेमांगीच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "ती गाडीतली तुझी माणसं न्हवं?"

"व्हय."

"काय म्हणाली जाताना?"

"न्यायला येतो म्हणाली."

म्हातारी हसायला लागली. ती इतकी हसली की हेमांगीला तिला पाठीवर सावरून धरावं लागलं, आणि मग हेमांगीलाही हसू आवरेना. पुढे चाललेल्या इवोईंनी वळून पाहिलं. दोघी थांबल्यात असं पाहून तेही थांबले आणि त्यांचं हसून होईपर्यंत डबा खाली ठेवून उभे राहिले.